मॉरिशसच्या शाळेत मराठीचा तास

(कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावी, साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच वर्गात अंगठा उठवणारे हात आज सही करतात, हे पाहून आम्हांला फार आनंद झाला. आमचा सारा जन्म लहान मुलांना अक्षरे शिकवण्यात गेला. पण दिवसभर उसात राबून रात्री पाटी घेऊन बसणारे विद्यार्थी आम्हांला कधी मिळाले नव्हते. तुमचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

वर्गाच्या चालकांनी आम्हांला निरोप धाडला, "गुरुजी, तुम्ही परदेशी जाऊन आलात. तिकडचं काहीतरी सांगा." आमचे थोरले चिरंजीव नोकरीच्या निमित्ताने मॉरिशस देशात असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता महिनाभर तिकडे राहून आलो. समुद्र पाहिला, डोंगर पाहिले, देवळे पाहिली. पण मास्तराची जातच अशी की शाळा दिसली की पाय तिकडे वळतात. म्हणून आज तुम्हांला त्या देशातल्या एका प्राथमिक शाळेची हकिकत सांगणार आहोत. मात्र शाळा कळायची तर आधी तो देश कळला पाहिजे.

हा देश आहे कुठे?

मुंबईहून विमान निघाले की सुमारे सहा तासांनी हिंदी महासागरात एक बेट लागते. आफ्रिका खंडाच्या पूर्वेला मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. त्याच्याही पलीकडे, पूर्वेला, हे लहानसे मॉरिशस आहे. किती लहान? आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर आहे. हा सारा देश मिळून २,०४० चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे चार वाटे केले, तर त्यातला एक वाटा. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या खानेसुमारीला ३८ लाखांवर माणसे होती. एवढासा तो देश, पण त्याचा झेंडा वेगळा, सरकार वेगळे. नाणे मात्र रुपयाच! घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

विमानतळावरून बाहेर पडलो, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. आमची मंडळी म्हणाली, "अहो, एवढं विमानात बसून आपण परत शिरोळलाच आलो का काय?"

आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला कारखान्याची धुराडी पेटतात. तिकडे ऊसतोड जूनमध्ये सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. कारण तो देश पृथ्वीच्या दक्षिण भागात आहे. आपल्याला थंडी वाजते, तेव्हा त्यांच्याकडे उन्हाळा असतो. शाळेचे वर्षसुद्धा जानेवारीत सुरू होते.

तो ऊस कोणी लावला?

आता नीट ऐका. हा ऊस लावणाऱ्यांत आपली माणसे होती.

हे बेट आधी फ्रेंच लोकांच्या ताब्यात होते. १८१० साली ते इंग्रजांनी घेतले. मळ्यांत काम करायला आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम आणलेले होते. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मग मळेवाल्यांना मजूर कुठून मिळणार? त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. १८३४ पासून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून जहाजाने तिकडे नेली. बिहारकडची माणसे कलकत्त्याहून गेली, तमिळ आणि तेलुगू माणसे मद्रासकडून गेली. मुंबई बंदरातून जी गेली, त्यांत मराठी माणसे होती. त्यातली बहुतेक कोकणची, रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी या मुलखातली.

या मजुरांशी करार केला जाई. इंग्रजीत कराराला 'अॅग्रीमेंट' म्हणतात. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे 'गिरमिट' झाले. सुताराचे गिरमिट लाकडाला भोक पाडते. या गिरमिटाने माणसाच्या आयुष्याला भोक पाडले.

करार असा. पाच वर्षे काम करायचे. गड्याला महिना ५ रुपये आणि वर शिधा. ऐकायला ठीक वाटते. पण एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापत. ताप आला तरी कापत. हे कागदात काय लिहिले आहे, हे ज्याचे त्याला वाचता येत नव्हते. कोणीतरी वाचून दाखवले, कोणीतरी सांगितले, आणि याने कागदावर फुली मारली. ती फुली मारून माणूस समुद्रापार गेला. पुष्कळसे परत आलेच नाहीत.

पोर्ट लुई ही त्या देशाची राजधानी. तिथे बंदराच्या काठी 'अप्रवासी घाट' नावाची जागा आहे. जहाजातून उतरलेल्या मजुरांना तिथे दगडी पायऱ्या चढून वर यावे लागे. २००६ साली त्या जागेची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. आम्ही त्या पायऱ्यांपाशी उभे राहिलो. पायातली चप्पल आपोआप सुटली. आमची मंडळी म्हणाली, "कोणाची लेकरं असतील हो ही." दर वर्षी २ नोव्हेंबरला या मजुरांची आठवण म्हणून तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

मजुरांची मुले शिकली

१९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परत येताना वाटेत मॉरिशसला थांबले होते. अडीच आठवडे राहिले. त्यांनी तिथल्या हिंदी माणसांना सांगितले की, मुलांना शिकवा आणि राज्यकारभारात लक्ष घाला. लोकांनी ते मनावर घेतले. दिवसा मळ्यात राबायचे आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मुलांना आपली भाषा शिकवायची, असे वस्तीवस्तीत चालू झाले. अगदी तुमच्या या रात्रीच्या वर्गासारखे.

१८९६ साली बिहारमधून एक अठरा वर्षांचा पोरगा मजूर म्हणून त्या बेटावर आला. त्याचा मुलगा शाळेत गेला, पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाला. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, तेव्हा तोच मुलगा देशाचा पहिला पंतप्रधान झाला. त्यांचे नाव शिवसागर रामगुलाम. बाप मजूर आणि लेक पंतप्रधान! मधे काय घडले? मधे शाळा घडली.

आता शाळेत चला

बेटाच्या पश्चिमेला ब्लॅक रिव्हर नावाचा जिल्हा आहे. म्हणजे काळ्या नदीचा जिल्हा. त्या बाजूला मराठी घराण्यांची जुनी वस्ती आहे. तिथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत आम्ही गेलो. परक्या माणसाला शाळेत असेच शिरता येत नाही, आधी परवानगी काढावी लागते. ती चिरंजीवांच्या एका स्नेह्याने काढून ठेवली होती.

शाळेची इमारत पक्की, स्लॅबची. त्या देशात मोठी वादळे होतात. वादळाचा इशारा आला की शाळा बंद करतात. आपल्याकडे २०१९ च्या महापुरात किती गावांतल्या माणसांनी शाळांचा आसरा घेतला, ते तुम्हांला माहीत आहे. शाळेची भिंत पक्की असली की ती साऱ्या गावाच्या उपयोगी पडते.

मुले गणवेशात होती. मैदान झाडलेले होते. वर्गात गेलो. पहिली ते सहावीपर्यंतची ही शाळा. पुस्तके इंग्रजीत. पण मास्तर समजावून सांगताना फ्रेंच बोलतात. आणि मुले एकमेकांशी जी भाषा बोलतात, ती निराळीच! तिला क्रियोल म्हणतात. गुलामगिरीच्या काळात मळ्यावर फ्रेंच शब्दांपासून ही बोली तयार झाली. आज घरोघर तीच चालते. मराठी घरातसुद्धा आईबाप पोरांशी क्रियोलच बोलतात.

तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही एक नवल पाहिले. सारा वर्ग उठला आणि फुटला. काही मुले एका खोलीत गेली, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. आम्ही विचारले, हे काय? मुख्याध्यापक म्हणाले, हा भाषेचा तास आहे. ज्याने त्याने आपल्या वाडवडिलांची भाषा शिकायची. कोणी हिंदी घेतो, कोणी तमिळ, कोणी तेलुगू, कोणी उर्दू. अरबी आहे, चिनी आहे. २०१२ पासून क्रियोलही शिकवतात. आणि त्यात आपली मराठी आहे.

ज्या देशाचे नाव आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी आज पहिल्यांदा ऐकले, त्या देशाचे सरकार आपली मराठी भाषा शिकवायला मास्तर नेमते आणि त्याला पगार देते!

मराठीचा तास

मराठीच्या खोलीत मुले थोडीच होती. हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या. मुले त्यांना 'मिस' म्हणत होती. बाईंचा जन्म तिथलाच, त्यांच्या आईवडिलांचाही तिथलाच. पण मराठी अशी स्वच्छ बोलल्या की आम्ही बघतच राहिलो. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ही भाषा मला घरात मिळाली नाही. मी ती शाळेत शिकले."

फळ्यावर शब्द लिहिले होते : बाळ, फळ, शाळा. क्रियोल बोलीत 'ळ' नाही. 'श' सुद्धा नाही. त्यामुळे 'शाळा' म्हणताना मुलांची जीभ अडखळत होती. एक मुलगा उठला आणि ठासून म्हणाला, "साला!" आम्ही हसू दाबले. बाईंनी शांतपणे पुन्हा म्हणवून घेतले. एकदा, दोनदा, पाच वेळा. सहाव्या वेळी पोराने नीट 'शाळा' म्हटले. मग त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो आम्ही इथे तुमच्या तोंडावरही पाहिला आहे. 'घ' आणि 'ध' यांत तुम्ही किती दिवस घोळ घातलात, ते आठवते ना? 'भ' आणि 'म'? त्या मुलांचाही तिथेच घोळ होतो. मोठ्या माणसाला अक्षर चुकले की लाज वाटते. लाज वाटण्याचे कारण नाही. अक्षर सगळ्यांनाच पहिल्यांदा अडवते.

बाईंनी आम्हांला म्हटले, "मुलांशी बोला." आम्ही सांगितले की, आम्ही कोल्हापूरहून आलो, तिथेही ऊस आहे. मुलांना ते आवडले. मग एका मुलीने हात वर केला. जपून जपून, शब्द जुळवत तिने विचारले, "तुमच्या गावात सगळे मराठी बोलतात?"

आम्ही म्हटले, "हो."

"दुकानात?"

"दुकानात पण."

"बसमध्ये?"

"बसमध्ये पण. भांडतात तेही मराठीतच."

मुलगी बाईंकडे बघायला लागली. हे खरे का, असे तिला विचारायचे होते. तिच्या लेखी मराठी म्हणजे तासाला शिकायची, गणपतीला आरतीत म्हणायची भाषा. एक अख्खे गाव ती भाषा फुकट, दिवसभर बोलते, हे तिला खरे वाटेना.

मंडळी, आपल्याला जे आईच्या दुधाबरोबर मिळते, ते त्या पोरी पाचाच्या वर्षापासून घोकून घोकून मिळवतात.

एका आईचा कागद

शाळा सुटायच्या वेळी त्या मुलीची आई तिला न्यायला आली. ती एका हॉटेलात कामाला होती. तिला मराठी येत नव्हते. बाई मधे बसून आमचे बोलणे तिला सांगत होत्या आणि तिचे आम्हांला. ती म्हणाली, घरी गणपती बसतो. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आरती ती इंग्रजी अक्षरांत लिहून वाचते. लेक मात्र आता देवनागरीतून वाचते. लेक वाचायला लागली, त्या वर्षी घरातल्या म्हाताऱ्या आजेसासूने पोरीच्या पायाला हात लावला.

मग तिने पिशवीतून एक कागद काढला. मोका नावाच्या गावी महात्मा गांधी संस्था आहे. जुन्या मजुरांच्या नोंदींची बाडे तिथे जपून ठेवली आहेत. आपल्या पूर्वजाची नोंद तिथे शोधता येते. या बाईने तिच्या पूर्वजाची नोंद काढून आणली होती. त्यावर काय होते? मजुराचा नंबर होता. जहाजाचे नाव होते. माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची. अंगावरच्या खुणा. आणि गावाचे नाव.

ती म्हणाली, "तुम्ही त्या देशातून आलात. हे गाव कुठे आहे, सांगा."

आम्ही चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. जिल्ह्याचे नाव रत्नागिरी, एवढे लागले. गावाचे नाव काही लागेना. त्याचे कारण सांगतो. दीडशे वर्षांपूर्वी एक गोरा नाही तर परमुलखातला कारकून टेबलाशी बसला होता. समोर हा कोकणातला गडी उभा. कारकुनाने विचारले, गाव कोणते? गड्याने तोंडाने सांगितले. कारकुनाला जसे ऐकू आले, तसे त्याने इंग्रजीत टिपले. 'ळ' चे काय केले, 'ण' चे काय केले, देव जाणे. गड्याला वाचता येत असते, तर तो म्हणाला असता, "साहेब, असं नाही, असं लिहा." पण त्याला काही कळले नाही. गाव तिथेच बुडाले.

आम्ही तीन-चार गावांची नावे जुळवून पाहिली. एकही खात्रीने जुळले नाही. खोटे सांगून तिची समजूत घालावी, असे क्षणभर मनात आले. पण मास्तराने खोटे सांगू नये. आम्ही म्हणालो, "बाई, नाही सांगता येत." तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवला. तिला वाईट वाटले. आम्हांलाही वाटले.

तिकडच्या मराठी माणसांची आडनावेही अशीच गेली. महादू, सखाराम, भिवाजी ही आपल्याकडे माणसाची नावे. तिकडे तीच आडनावे झाली. कारकुनाने पहिले नाव टिपले, तेच घराण्याला चिकटले. मूळचे आडनाव काय होते, ते पुष्कळांना आज ठाऊक नाही.

यातून आपण काय घ्यायचे?

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ती जुनी गोष्ट. आता कुठे गिरमिट राहिले?

बरे, मग सांगा. आधार कार्डावर नाव चुकीचे पडले म्हणून पेन्शन अडकलेली म्हातारी तुमच्या गावात नाही का? सातबाऱ्यावर बापाचे नाव एक, रेशनकार्डावर दुसरे, बँकेत तिसरे, म्हणून हेलपाटे घालणारा शेतकरी नाही का? ऊस कारखान्याला गेला, वजनाची पावती हातात आली. ती किती जण वाचतात? संगणकाशी बसलेला मुलगा आणि तो जुना कारकून, दोघांचे काम एकच. दोघेही ऐकतात आणि टिपतात. टिपलेले बरोबर आहे का, हे बघायचे काम आपले. आजवर ते जमत नव्हते. आता जमते. तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. आपली सारी कार्डे आणि पासबुके काढा. आपले नाव, बापाचे नाव, गावाचे नाव वाचा. चूक असेल, तर आताच दुरुस्त करून घ्या. पुढे नातवंडांना कोड्यात टाकू नका.

दुसरी गोष्ट शाळेची. मॉरिशसच्या शाळेत सगळेच चांगले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तिथेही शिकवण्यांचे वेड आहे. सहावीच्या परीक्षेचा धसका आहे. आणि मोठी अडचण अशी की, मुलाच्या घरात एक भाषा आणि पुस्तकात दुसरीच. त्यामुळे बरीच मुले मागे पडतात, असे तिथल्या शिक्षकांनीच सांगितले. मुलाला आधी भाषेशी झुंजावे लागते, मग गणिताशी.

आपल्या गावच्या शाळेत ही अडचण नाही. घरात मराठी, पुस्तकात मराठी. पोर पहिल्या दिवसापासून गोष्ट समजून घेते. ही केवढी मोठी सोय आहे! पण आपण काय करतो? टाय घातलेले पोर पिवळ्या गाडीतून जाताना दिसले की आपल्याला वाटते, तेच शिक्षण. मग गावची शाळा ओस पडते. इंग्रजी शिकू नये, असे आमचे म्हणणे नाही. जरूर शिकावी. मॉरिशसची मुले तीन-तीन भाषा शिकतात. पण भाषा शिकणे वेगळे आणि न समजणाऱ्या भाषेत सगळे घोकणे वेगळे. निर्णय तुमचा तुम्ही घ्या. फक्त तो गाडी बघून घेऊ नका. शाळेत जाऊन, वर्गात डोकावून, पोराची वही वाचून घ्या.

आपल्या कोल्हापूरला तर शाळेची थोर परंपरा आहे. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया! तिकडच्या मजुराला महिन्याला पाच रुपये मिळत, त्यावरून अंदाज करा. महाराजांनी एवढी सक्ती का केली? पोर शिकले नाही, तर ते आयुष्यभर दुसऱ्याच्या वाचनावर विसंबून राहील, हे त्यांना दिसत होते.

आज दंड नाही, उलट हक्क आहे. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याच कायद्याने सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती नेमायची असते. तिच्यात तीन-चतुर्थांश माणसे पालक असावी लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया. म्हणजे शाळेचा कारभार बघायचा अधिकार कायद्याने तुम्हांला दिला आहे. मागे एका बाईंना आम्ही समितीत या म्हटले, तर त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय वो गुरुजी? ते सह्या करा म्हणत्यात, मी करते." मायबहिणींनो, आता हे म्हणू नका. आता तुम्हांला वाचता येते. आधी वाचा, मग सही करा. समजले नाही, तर विचारा. न वाचता केलेली सही आणि ती फुली, यांत काही फरक नाही.

एक शेवटची गोष्ट सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या शिवारात मराठवाड्यातून टोळ्या येतात. त्यांची पोरे फडात, पाचटात खेळत असतात. गावची शाळा सोडून ती आईबापांच्या मागे आलेली असतात. आपणही एका बेटावर ऊस तोडायला गेलेल्यांची गोष्ट आज ऐकली. ही पोरे परकी नव्हेत. आपल्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना सांगा, टोळीच्या मुकादमाला सांगा आणि ती पोरे हंगामापुरती तरी वर्गात बसतील असे बघा. कायद्याने त्यांना सरकारी शाळा नाही म्हणू शकत नाही. एखादा पोरगा चार महिने तुमच्या शाळेत बसला, तर गावाचे काय जाणार आहे? त्याचे मात्र सारे आयुष्य वाचेल.

तेव्हा मंडळी, चार कामे सांगितली, ती पुन्हा सांगतो. आपली कागदपत्रे वाचा. महिन्यातून एकदा आपल्या पोराच्या शाळेत जा. समितीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. आणि फडातल्या पोरांना शाळेत आणा.

पाचवे काम घरातले आहे. एक वही घ्या. तिच्यात आपल्या आजा-पणज्याचे नाव, आजीचे माहेर, मूळचे गाव स्वतःच्या हाताने लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. नाव मात्र बरोबर लिहा. घरात म्हातारे माणूस असेल, तर त्याला विचारून घ्या, ते आहे तोवर.

मॉरिशसच्या त्या शाळेतून निघताना बाईंनी आमच्याकडे मराठी गोष्टींची पुस्तके मागितली. आम्ही परत आल्यावर एक गठ्ठा धाडला. या वर्गातल्या कोणाला त्या मुलांना पत्र लिहायचे असेल, तर आमच्याकडे द्या. आम्ही पोचवू. आपण काय पेरतो, आपल्या गावात काय काय आहे, चार ओळी लिहा. दुकानात आणि बसमध्येही मराठी बोलणाऱ्या माणसाने लिहिलेले पत्र त्या मुलीला वाचायला मिळेल. आणि तुम्हांलाही पहिले पत्र लिहायला निमित्त होईल.